बंद झालेली इम्पल्स घ्यावी का? आधी टाकी बघ, इंजिन नंतर

प्रश्न कराडच्या एका चोवीस वर्षांच्या मुलाचा आहे. थोडक्यात असा: कोल्हापुरात २०१३ सालची हिरो इम्पल्स, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारी बाइक, ४२ हजारांना मिळतेय. इंजिन 'एकदम मक्खन' आहे. पण ही गाडी कंपनीने केव्हाच बंद केली. उद्या पार्ट मिळाले नाहीत तर पैसे पाण्यात जातील का? की थोडे जास्त घालून हिरोचीच जुनी एक्सपल्स घ्यावी? शिवाय एका मित्राने बाहेरून आलेली कावासाकीची केएलएक्स सुचवली आहे, तिचं काय?

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. साताऱ्यात माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. इम्पल्स बऱ्याच हाताखालून गेल्या, एक माझी स्वतःची आहे. त्यामुळे जे लिहितोय ते काही कागदावरचं नाही.

तू विचारलंयस 'पार्ट मिळतील का', आणि गडबड इथेच होते. गाडीत शेकडो पार्ट असतात. त्यातले बहुतेक तुला कराडच्या बसस्थानकासमोरही मिळतील, आणि दहा-बारा असे असतात की जे पुण्याच्या नाना पेठेत, पार्टच्या बाजारात, दिवसभर फिरूनही मिळणार नाहीत. गाडी जगणार की मरणार हे त्या दहा-बारांवर ठरतं. म्हणून विचारायचं ते असं: या गाडीत असं काय आहे जे दुसऱ्या कुठल्याही गाडीला नाही, आणि ते आज धड आहे का?

लोकांना वाटतं कंपनी चालू म्हणजे पार्ट चालू आणि कंपनी बंद म्हणजे सगळं संपलं. तसं नसतं. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. यामाहाची आरएक्स १०० सुद्धा त्याच वर्षी थांबली. आज नाना पेठेत जा आणि आरएक्सचं पिस्टन किट माग, दुकानदार 'कुठल्या साइझचं?' एवढंच विचारेल. का? कारण गाड्या लाखांत विकल्या गेल्या, त्या अजून रस्त्यावर आहेत, आणि गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर कोणीतरी पार्ट बनवतोच. उलट हिरो ही एवढी मोठी कंपनी, आजही जोरात चालू, पण इम्पल्सच्या टाकीच्या बाजूचं प्लास्टिक माग, काउंटरवरचा पोरगा कॉम्प्युटरमध्ये बघेल आणि मान हलवेल. गाडी कमी खपली, प्लास्टिक दुसऱ्या कशाला बसत नाही, मग साचा कोण सांभाळणार?

आता इम्पल्सचं नशीब बघ. हिरो आणि होंडाने वेगळं व्हायचं २०१० च्या डिसेंबरात जाहीर केलं, आणि २०११ मध्ये नव्या नावाखाली हिरोने ज्या गाड्या आणल्या त्यांत ही होती. होंडा ब्राझीलमध्ये एनएक्सआर १५० ब्रॉस नावाची गाडी विकत असे, तिच्यावर ही बेतलेली. पण इंजिन आपल्याकडचंच: १४९.२ सीसीचं, म्हणजे हंक, सीबीझी एक्स्ट्रीम, अचिव्हर यांच्या घराण्यातलं. या भावंडांनी आपल्याकडे गावोगाव दूध घातलंय. त्यामुळे ब्लॉक-पिस्टन, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, क्लच प्लेट या गोष्टींची चिंता तू करू नकोस. एकच काळजी घे: दुकानात 'हंकचं द्या' म्हणून मोकळा होऊ नकोस. जुना पार्ट पिशवीत घालून ने आणि काउंटरवर नव्याशेजारी ठेव. एका घराण्यातले असले तरी वर्षागणिक एखादं भोक, एखादा दाता इकडचा तिकडे झालेला असतो.

इंजिन सोडून बाकी जे फिरतं, घासतं, झिजतं, त्यातलंही बरंचसं नाव न घेता मिळतं. चाकाचं बेअरिंग काढलंस की त्याच्या कडेला आकडा कोरलेला असतो. समजा ६२०२ असेल, तर आतला व्यास १५ मिलिमीटर, बाहेरचा ३५, जाडी ११. जगात कुठेही हेच. बेअरिंगच्या दुकानात 'इम्पल्सचं' म्हणालास तर नाही म्हणतील, '६२०२ द्या, दोन्हीकडून रबर सील' म्हणालास तर दोन मिनिटांत मिळेल. ऑइल सीलवरही तीन मापं छापलेली असतात. चेन मोजून, दाते मोजून मिळते. पुढचा टायर ९०/९०-१९, म्हणजे बुलेटच्या पुढच्या चाकाचा साइझ, त्यामुळे तोही कधी संपणार नाही. मागचा ११०/९०-१७. डर्टचं नक्षीकाम हवं असेल तर थोडं शोधावं लागेल, पण टायरवाचून गाडी उभी राहणार नाही.

मग उरतं काय? टाकी. पुढचे लांब फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या. स्विंग आर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, आणि मागचा एकच शॉक, मोनोशॉक. फ्रेम. बाजूचं प्लास्टिक, मीटर, वायरिंगचा संच. हे इम्पल्सचं स्वतःचं. आणि गिऱ्हाईक गाडी बघायला जातं तेव्हा नेमकं याकडे कोणी बघत नाही. किक मारतात, कान लावतात, 'आवाज मस्त आहे' म्हणतात, टोकन देऊन येतात.

मीही हेच केलंय, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलासाठी मी एक इम्पल्स पसंत केली. इंजिन इतकं गोड की मला दुसरं काही दिसलंच नाही. टाकीच्या खालच्या कडेला रंगाचा छोटा फुगा होता, नखाएवढा. दिसला होता, पण 'रंग आहे, करून घेऊ' म्हटलं. पहिल्या पावसाळ्यात तो मुलगा ठोसेघरच्या रस्त्याला असताना पेट्रोलचा वास यायला लागला. थांबून बघतो तर टाकीच्या बुडातून थेंब थेंब गळतंय, खाली गरम इंजिन. नशीब चांगलं, पाऊस चालू होता. रंगाखाली कोणीतरी जुनं ब्रेझिंग (पितळेचा जोड) करून पुट्टी भरली होती आणि आतून गंजाने पत्रा कागदासारखा झाला होता. पुन्हा ब्रेझिंग करायला पत्राच उरला नव्हता. दुसरी टाकी मिळायला सात महिने लागले. तोवर 'मक्खन' इंजिनाची गाडी माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली. तो मुलगा काही बोलला नाही, पण मला दर वेळी त्या कोपऱ्यावरून जाताना लाज वाटायची.

माझी स्वतःची गाडी मी नंतर बरोबर उलटी घेतली. धूर मारत होती, म्हणून कोणी हात लावत नव्हतं. पण टाकी आतून चकचकीत, फोर्क सरळ, प्लास्टिकला एक ओरखडा आणि तडा एकही नाही. मालकाला वाटलं त्याने मला गंडवलं. ब्लॉक-पिस्टन, व्हॉल्व्ह सील, टायमिंग चेन असं सगळं मिळून आठ-दहा हजारांत काम झालं, मजुरी अर्थात घरची. गाडी अजून पळतेय.

म्हणजे बंद झालेल्या गाडीचा भाव करताना नेहमीचा हिशेब उलटा लावायचा. जे मिळतं ते खराब असेल तर त्याचे पैसे कापून घे आणि खुशाल घे. जे मिळत नाही ते खराब असेल तर पाच हजार कमी केले तरी नको.

कोल्हापूरला जाशील तेव्हा हे असं कर. गाडी थंड असताना बघायची, आधीच सांग की चालू करून ठेवू नका. टाकीचं झाकण उघडून मोबाईलचा टॉर्च आत मार, पेट्रोल कमी असेल तर बरं. तळाशी तांबूस चिखल दिसला तर हात आखडता घे. मग खाली बसून टाकीच्या बुडाची कड बोटाने चाचप. नाक लाव. रंग कुठे नवा, कुठे जुना ते बघ. अख्खी टाकी रंगवलेली असेल तर का रंगवली ते विचार.

मग फोर्क. घरातली एक फुटी स्टीलची पट्टी खिशात घालून ने. फोर्कच्या चकचकीत नळीला समोरून आणि बाजूने पट्टी उभी टेकव आणि पलीकडे उजेड येतोय का बघ, विशेषतः खालच्या क्लॅम्पच्या जवळ, कारण पडल्यावर नळी तिथेच वाकते. मग नळीवरून नख फिरव. सीलमधून जो पट्टा वरखाली होतो तिथे नख अडकलं तर क्रोम उडालाय. नवं सील घालशील, ते महिन्यात फाटेल. गळणारं सील ही किरकोळ गोष्ट आहे; खड्डे पडलेली नळी ही नाही. अगदीच वेळ आली तर हार्ड क्रोम करणारे आहेत, ते नळी घासून, क्रोम चढवून पुन्हा मापावर आणतात. सरळ नळीवर हे काम चांगलं होतं. वाकलेली नळी प्रेसवर सरळ करून देणारेही भेटतील, पण ज्या गाडीवर आपण दगडात उड्या मारणार तिला मी ते करत नाही.

मागे जा. एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने मागचं चाक दोन्ही हातांनी बाजूला ढकलायचं. खडखड आली तर बुश गेलेत. बुश लेथवर पितळी करून मिळतात, घाबरू नकोस. पण स्विंग आर्मच्या जोडांवर नवा रंग किंवा वेल्डिंगचा ओबडधोबड मणी दिसला तर विषय संपव. फ्रेमचंही तसंच. हँडलच्या मुंडीजवळ आणि फूटरेस्टच्या वर नीट बघ. फ्रेमवर चॅसी नंबर असतो, ती बदलता येत नाही.

पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरव. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या मुंडीतलं बेअरिंग, गेला. तो मापावर मिळतो, किमतीत धर. मोनोशॉकवर बसून बघ, उसळी मारून लगेच शांत होतो का. तेल आलं असेल तर तो उघडून नवं सील-तेल भरणारे पुण्यात आहेत. वेळ लागतो, पण होतं.

प्लास्टिकबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पोरं प्लास्टिकला फार जपतात. मी फक्त हे विचारतो: हा तुकडा तुटला तर गाडी थांबते की फक्त वाईट दिसते? पुढचा मडगार्ड, हेडलाइटचा वायझर यांना बाहेरचे बसवता येतात. बाजूचे पॅनेल तडकले तर गरम सोल्डरिंग आयर्नने स्टीलची जाळी आतून बसवून जोडता येतात. एबीएस जातीचं प्लास्टिक असेल तर त्याचाच भुगा अॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी भेगेत भरली की दगडासारखी बसते. पण ज्या पॅनेलवर टाकीचा किंवा सीटचा आधार आहे त्याचे कान (बोल्टने अडकवायच्या पट्ट्या) तुटलेले नसावेत. गाडी हलली की ते खडखडतं, आणि मग टाकीच्या कानावर ताण येतो. म्हणजे पुन्हा टाकी.

इलेक्ट्रिकमध्ये मॅग्नेट कॉइल गुंडाळून मिळते, रेग्युलेटर मापाचा मिळतो. सीडीआय, म्हणजे स्पार्क सांभाळणारा डबा, धड चालतोय तोवर दुसरा शोधून ठेव. वायरिंग कापून, टेप गुंडाळून, दहा एलईडी लावलेली असेल तर मी अशी गाडी घेत नाही. निस्तरता येते, पण त्यात जाणाऱ्या वेळाचे पैसे कोणी देत नाही.

कागदांचं एक सांगतो, कारण बंद झालेल्या गाड्यांत हा घोळ जास्त असतो. इंजिन हंकचं बसतं म्हटल्यावर काही लोक अख्खं इंजिनच हंकचं बसवतात. गाडी उत्तम चालते. पण आरसीवरचा इंजिन नंबर वेगळा, आणि नाव बदलताना किंवा फिटनेसला गेलास की अडकलास. तेव्हा चॅसी आणि इंजिन, दोन्ही नंबर स्वतः पुसून, वाचून, आरसीशी ताड. नंबरावर ग्राइंडर फिरल्यासारखं वाटलं तर चहासुद्धा न पिता निघ. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घे. आणि हे लक्षात ठेव की २०१३ ची गाडी म्हणजे २०२८ ला पंधरा वर्षं पूर्ण. तेव्हा तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर हे सगळं येणार. ४२ हजार सांगणारा माणूस हे सांगत नाही. भाव करताना तू सांग.

आता एक्सपल्स. २०१९ ला आली, १९९.६ सीसी, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाक, म्हणजे दगडधोंड्यात इम्पल्सपेक्षा सरस. इंजिनाला एक्स्ट्रीम २०० आर हे भावंड आहे आणि ती स्वतःही भरपूर खपली आहे. आता २१० आली, तिचं इंजिन पाण्याने थंड होणारं, वेगळंच. म्हणजे २०० चं पुढे-मागे इम्पल्ससारखंच होणार, पण उशिरा आणि सौम्य, कारण मोडीत निघणाऱ्या गाड्याही तितक्याच जास्त असतील आणि त्यांतून पार्ट येत राहतील. ही तुझी एकुलती एक गाडी असेल, रोज एमआयडीसीत ड्युटीला जायचं असेल, तर मी डोळे झाकून एक्सपल्स म्हणेन. पैसे कमी पडत असतील तर सहा महिने थांब. बंद झालेली गाडी ही दुसरी गाडी म्हणून छान असते. ती चार आठवडे उभी राहिली तरी तुझा पगार कापला जात नाही.

मित्राच्या केएलएक्सचं थोडक्यात: आपल्याकडे अधिकृतपणे आलेल्या केएलएक्स १४० सारख्या निव्वळ ट्रॅकच्या गाड्या रस्त्यावर चालवायच्या नव्हेतच, त्यांना नंबर मिळत नाही. टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायची, पुन्हा टेम्पोत घालून आणायची. भावंड रस्त्यावर नाही, म्हणजे क्लचची केबल जरी गेली तरी ऑर्डर द्यायची आणि वाट बघायची. ट्रॅकवर सराव करायचा असेल, सोबत तशाच गाडीची दोन-तीन पोरं असतील, तर वेगळा विचार कर. कराडमध्ये एकट्याने नको.

बाकी बरंच तुझ्यावर आहे. स्वतः पाने हातात घेतोस का? घेत असशील तर इम्पल्स स्वस्त पडेल. दर वेळी गॅरेजला टाकणार असशील तर मेकॅनिकला आधी विचार, कारण अनेकांना अशी गाडी नको असते. पार्ट शोधण्यात वेळ जातो, रॅम्प अडतो, आणि गिऱ्हाईक रोज फोन करतं. मीही ओळखीच्यांचीच घेतो. किती दिवस ठेवणार? दोन वर्षं ठेवायची असेल तर एवढा विचार करू नकोस, चांगली दिसली तर घे. दहा वर्षं ठेवायची असेल तर पहिल्याच वर्षी आठ-दहा हजार बाजूला काढून सामान जमवायला लाग: केबल, लिव्हर, सीडीआय, फोर्क सील, मिळालाच तर पेट्रोल कॉक. आज शंभर रुपयांना मिळणारी गोष्ट नड लागल्यावर शंभराला मिळत नाही.

एक चांगली युक्ती कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरांनी केलेली मी बघितली आहे. तिघांनी मिळून एक अपघातातली इम्पल्स घेतली, मागून ठोकलेली, पुढचा भाग शाबूत. ती एकाच्या गोठ्यात उभी आहे आणि लागेल तसं तिघं काढून नेतात. पण अशी गाडी कागदपत्रांसकट, मालकाकडूनच घ्यायची. बिल नाही, नंबर नाही, 'भाऊ टाकी आहे, दोन हजार द्या' म्हणणाऱ्याकडून घेतलेली टाकी कोणाच्या तरी दारातून चोरलेली असू शकते.

आणि हो, गाडी घेतलीस की कासच्या पठारावर घालू नकोस. सड्यावरून, म्हणजे तिथल्या उघड्या कातळावरून, एक चाक गेलं की तिथे पुढची कित्येक वर्षं काही उगवत नाही. धरणाच्या मागचे, खाणींचे, शेताचे रस्ते भरपूर आहेत, शेतकऱ्याला विचारून जायचं.

तुझ्या ४२ हजारांच्या गाडीबद्दल फोटोंवरून मी हो-नाही म्हणणार नाही. टाकी, फोर्क, फ्रेम, आणि दोन्ही नंबर चोख निघाले तर ३५-३६ ला माग, ३८ पर्यंत जा. इंजिन मक्खन असल्याचे तीन हजार जास्त देऊ नकोस.

सौदा ठरला, सह्या झाल्या, की निघण्याआधी मालकाला एवढं विचार: 'माळ्यावर काही ठेवलंय का?' अशा गाड्यांचे मालक काही टाकत नाहीत. जुना मीटर, एका बाजूचं पॅनेल, तुटका लिव्हर, कधी काळी चुकून दोन घेतलेला केबल, सगळं गोणपाटात गुंडाळून पडलेलं असतं. गाडी गेल्यावर त्याला ते नकोच असतं, त्याच्या आईला तर त्याहून नको असतं. सोबत एक रिकामी गोणी घेऊन जा.